खळ्यातलं गोल्फ

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे.)



समितीने मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी "गोल्फ" असं सांगितलं. सचिव हसले. म्हणाले, "काका, पाण्याच्या टाकीवर बोला की. पंचवीस वर्षांचा तिचा इतिहास तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?" खरं आहे. पण टाकीवर मी दर वार्षिक सर्वसाधारण सभेत बोलतोच. आज गोल्फवर बोलणार आहे, आणि त्यातही सगळ्या गोल्फवर नाही. हिरवळीच्या कडेवरून चेंडू हळूच उचलून भोकाजवळ नेणारा जो छोटा फटका असतो, ज्याला चिप म्हणतात, फक्त त्याच्यावर. त्यात एक कबुलीपण आहे. ती ज्यांना द्यायची त्यांना गेल्या रविवारी घरी जाऊन देऊन आलोय, आणि त्यांच्या परवानगीनेच इथे सांगतोय.

अंजनवेलमध्ये गोल्फ आलं कुठून, हे नव्या सभासदांना कोडं पडेल. आपल्याकडे गोपाळगड आहे, टाळकेश्वर आहे, दीपगृह आहे, खाडी आहे. गोल्फ कोर्स काही नाही. पण १९९० च्या दशकात वीज प्रकल्पाचं काम सुरू झालं आणि या सड्यावर देशोदेशीची माणसं आली. मी एका कंत्राटदाराकडे इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामावर होतो. आमचे एक परदेशी साहेब होते, साठीला आलेले. संध्याकाळी साइट सुटली की सड्यावरच्या गवतात उभं राहून ते अर्धा तास चेंडू उडवायचे. लांब मारायचे नाहीत. दहा पावलं, पंधरा पावलं. एक रुमाल टाकायचे आणि त्यावर चेंडू टाकायचे. आम्ही पोरं लांबून बघून हसायचो. एवढा मोठा माणूस आणि गोट्या खेळतोय!

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. त्याच वर्षी आपली सोसायटी नोंदली गेली. चोवीस फ्लॅट, आणि त्यातले बहुतेक आमच्यासारख्यांचे, म्हणजे पगारावर कर्ज काढून घेतलेले. दोन वर्षांत, मे २००१ मध्ये, प्रकल्प बंद पडला. का पडला, कोणाचं चुकलं, यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत, मी त्यात पडत नाही. आपल्यापुरतं सांगायचं तर चोवीसपैकी अकरा फ्लॅटना कुलूप लागलं. कोणी गुजरातला गेलं, कोणी आखातात, कोणी बायकोच्या माहेरी. जाताना त्यांनी चाव्या माझ्याकडे दिल्या, कारण मी इथलाच. घर गावात, अप्पांची थोडी भातशेती, मी कुठे जाणार? पावसाळ्यात आठवड्यातून एकदा फ्लॅट उघडायचे, पंखे लावायचे, भिंतीवरची बुरशी पुसायची, हे माझं काम. बिनपगारी.

साहेबही गेले. जाताना त्यांनी मला चार क्लब दिले. सात नंबरचं लोखंड, नऊ नंबरचं लोखंड, एक पिचिंग वेज, एक सँड वेज. आणि कापडी पिशवीत तेवीस जुने चेंडू. माझी नोकरी गेली होती, कर्जाचा हप्ता चालू होता, सौ. आमसुलं आणि कोकम सरबत करून गुहागरच्या दुकानांत देत होती, आणि मी घरात गोल्फचे क्लब घेऊन आलो. त्या दिवशी घरात काय झालं ते विवाहित सभासदांना सांगायला नको.

पण खरं सांगू का, त्या वर्षात माझ्याकडे वेळ सोडून दुसरं काही नव्हतं. संध्याकाळी टाकीच्या मागे जायचो आणि चेंडू मारायचो. शिकवणारं कोणी नाही. साहेबांचा एकच फटका डोळ्यांत बसलेला. चेंडू उंच, अगदी उंच जायचा आणि रुमालावर पडून तिथेच थांबायचा. तो मला हवा होता. चारांत सगळ्यात तिरकं तोंड सँड वेजचं, म्हणून मी तोच धरून बसलो.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

क्लबचं तोंड जेवढं मागे कललेलं, तेवढा चेंडू उंच जातो. त्या कलाला लॉफ्ट म्हणतात. सात नंबरचा लॉफ्ट साधारण ३० ते ३४ अंश, नऊचा ४० ते ४२, पिचिंग वेजचा ४४ ते ४८, आणि सँड वेजचा ५४ ते ५८. आता सँड वेजचा तळ उलटा करून बघा. तो सपाट नसतो. त्याला पोट असतं, आणि मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा खाली असते. याला बाउन्स म्हणतात. जीन सॅराझन नावाच्या अमेरिकन खेळाडूने हा आकार रूढ केला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन त्या क्लबच्या मदतीने जिंकली. विमानाच्या पंखाची मागची पट्टी खाली वळते ते पाहून त्याला हे सुचलं, असं सांगतात. हे पोट कशासाठी? वाळूत किंवा मऊ गवतात क्लब रुतू नये, होडीसारखा वरून सरकावा, यासाठी.

आणि आपल्याकडे खाली काय आहे? जांभा. कातळ. वर बोटभर माती.

कातळावर सँड वेज जोरात आणलात तर त्याचं पोट आधी जमिनीला लागतं आणि क्लब उसळतो. उसळला की पुढची धार चेंडूच्या खाली न जाता बरोबर त्याच्या मध्यावर बसते. मग चेंडू उंच जात नाही, बंदुकीच्या गोळीसारखा जमिनीसरसा सुटतो. यात आणखी एक गोम आहे. तिरक्या तोंडाच्या क्लबने दहा पावलं चेंडू न्यायचा तरी हात मोठा फिरवावा लागतो, कारण जोर उंचीत जातो. फटका नीट बसला तर चेंडू दहा पावलं जातो. धार बसली तर तोच जोर सगळा पुढे लागतो, आणि चेंडू साठ पावलं जातो.

जून २००२. पहिला मोठा पाऊस यायचा होता. मी टाकीमागून एका दगडाकडे मारत होतो. दगड होता दहा पावलांवर. त्याच्या मागे, चाळीस पावलांवर, ब विंगचा तळमजला.

काच फुटल्याचा आवाज मोठा नव्हता. घर बंद होतं, चावी माझ्याच खिशात होती. आत गेलो. चेंडू पलंगाखाली. काचा गोळा केल्या, खिडकीला पुठ्ठा लावला, उद्या गुहागरहून काच आणू म्हटलं. घरी येऊन सौ.ला काही बोललो नाही. रात्री दोनला पाऊस आला. तुम्हाला आपल्याकडचा जूनचा पहिला पाऊस माहीत आहे, तो वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो. पुठ्ठा उडाला. सकाळी गेलो तर खिडकीखालच्या मांडणीवर पाणी, आणि मांडणीच्या खालच्या फळीवर त्या दोघांच्या लग्नाचा अल्बम.

मी तो गावातल्या घरी नेला, चुलीपासून लांब धरून एकेक पान सुकवलं. बरीचशी पानं वाचली. नऊ पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. सोडवायला गेलो तर फोटोचा रंग दुसऱ्या पानावर जायचा. शेवटी हात लावणं सोडलं. काच बसवली, अल्बम जागेवर ठेवला. पुढे २००५ मध्ये नवी कंपनी उभी राहिली, २००६ मध्ये प्रकल्प पुन्हा चालू झाला, हळूहळू माणसं परतली. मलाही काम मिळालं. हे दोघं आले. अल्बम उघडून वहिनी म्हणाल्या, "कोकणातली ओल, दुसरं काय." मी मान हलवली. मी फक्त मान हलवली, एवढंच माझं म्हणणं आहे.

गेल्या रविवारी सांगितलं तेव्हा मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, त्या ओलीवरून मी अठरा वर्षं बिल्डरला शिव्या देतोय!" वहिनी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या. चहा मात्र घेऊन आल्या. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

असो. त्या जूननंतर मी सोसायटीत क्लब काढला नाही. गावातल्या घरी गेलो. आमच्या घरापुढे खळं आहे, आश्विनात चोपून शेणाने सारवलेलं, गुळगुळीत. गोल्फमधल्या हिरवळीला, म्हणजे भोकाभोवती बारीक कापलेलं जे गवत असतं त्याला, याहून जवळची वस्तू आपल्याकडे नाही. खळ्याच्या कडेला गवत, मग बांध, मग सडा. भोकाचा व्यास नियमाने १०८ मिलिमीटर असतो, म्हणजे आमटीच्या वाटीपेक्षा थोडं मोठं. मी खळ्याच्या कोपऱ्यात तेवढी गल खणली. अप्पांनी पाहिलं. म्हणाले, "भात झोडायच्या आधी बुजव." नोकरी गेलेल्या पस्तिशीच्या मुलाला बाप याहून जास्त काय बोलणार?

खळ्यावर मला पहिली गोष्ट कळली ती ही की चेंडूला जमिनीवर चालायला आवडतं. हवेत असताना तो आपल्या हातात नसतो. जमिनीवर आला की गोटीसारखा सरळ, समजेल असा चालतो. म्हणून जिथे पटर चालतो, म्हणजे चेंडू आणि भोक यांच्यामध्ये फक्त बारीक गवत आहे, तिथे पटरच घ्यावा. मध्ये दोन-तीन पावलं जाड गवत असेल तर तेवढ्यापुरतं उडून जाईल असा क्लब घ्यावा आणि बाकीचं अंतर चालत जाऊ द्यावं. सँड वेजने उंच मारायचं ते मध्ये वाळूचा खड्डा असेल किंवा हिरवळीवर चालायला जागाच नसेल तेव्हा. नाइलाज म्हणून. मी ते हौस म्हणून करत होतो.

कोणता क्लब किती चालतो, याचा एक जुना हिशोब आहे, बाराचा. आधी चेंडू कुठे पाडायचा ते ठरवा. हिरवळीच्या आत साधारण एक पाऊल, सपाट जागा बघून. तिथपर्यंत किती पावलं ते मोजा. तिथून भोकापर्यंत किती ते मोजा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. आलेलं उत्तर बारातून वजा करा. जो आकडा उरेल तो क्लब. समजा पाडायची जागा दोन पावलांवर आहे आणि तिथून भोक दहा पावलं. दहा भागिले दोन, पाच. बारातून पाच गेले, सात. सात नंबर. पाडायची जागा तीन पावलांवर, पुढे भोक नऊ पावलं, तर उत्तर तीन, म्हणजे नऊ नंबर. पिचिंग वेजला दहा नंबर धरायचं, तो हवेत एक भाग आणि जमिनीवर दोन भाग जातो. हा हिशोब सपाट, मध्यम वेगाच्या हिरवळीचा. चढ असेल तर एक क्लब कमी लॉफ्टचा, उतार असेल तर एक जास्त लॉफ्टचा. आमचं खळं भलतंच वेगवान होतं, तिथे चेंडू हिशोबापेक्षा लांब जायचा. म्हणून मी खळ्याचा वेगळा तक्ता केला होता, दाराच्या मागे खडूने लिहिलेला. सौ.ने दिवाळीत रंग देताना पुसला.

दुसरी गोष्ट मला अप्पांनी शिकवली. त्यांना गोल्फ काय ते ठाऊक नव्हतं. ओट्यावर सुपारी कातरत ते रोज बघायचे. माझे दोन फटके बरे जायचे, तिसऱ्याला क्लब चेंडूच्या मागे मातीत घुसायचा नाही तर वरून घासून जायचा. एक दिवस म्हणाले, "हात कशाला झटकतोस? तू पाग टाकलास की नाही कधी? मनगटाने जाळं उघडतं काय?"

ज्यांनी खाडीवर पाग टाकताना पाहिलंय त्यांना कळेल. पागणारा माणूस जाळं हाताने फेकत नाही. पाय रोवतो, अंग फिरवतो, आणि जाळं त्या फिरण्याबरोबर जातं. हात नुसते धरायला. आणि त्याची नजर हातातल्या जाळ्यावर नसते, पाण्यात जिथे ते उघडून पडायचं तिथे असते. चिपचं शास्त्र याच्यापेक्षा वेगळं नाही. मी नंतर वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात हेच वेगळ्या शब्दांत होतं. पाय जवळजवळ घ्या, मध्ये एक वीतभर अंतर. वजन पुढच्या पायावर, उजव्या हाताने खेळणाऱ्याचं डाव्या पायावर, आणि फटका संपेपर्यंत ते तिथेच राहू द्या. चेंडू पावलांच्या मध्यावर किंवा किंचित मागे. हात चेंडूच्या थोडे पुढे. थोडे म्हणजे थोडेच. हात फार पुढे झुकवले की क्लबची धार खाली होते आणि कुदळीसारखी रुतते. मग छाती मागे फिरवा, छाती पुढे फिरवा. मनगटं मध्ये बोलायला लागली की त्यांना गप्प बसवा.

चेंडू उचलायचा प्रयत्न करायचा नाही, हे सगळ्यांत अवघड. मोठी माणसं इथेच चुकतात, लहान मुलं चुकत नाहीत. आपल्याला वाटतं, चेंडू वर जायला हवा तर खालून ढकलायला हवा. म्हणून शेवटच्या क्षणी वजन मागच्या पायावर येतं, मनगट उलटतं, आणि क्लब आधी जमिनीला लागतो. चेंडू वर नेणं हे लॉफ्टचं काम आहे. ते त्याला करू द्या, तुम्ही फक्त चेंडूला आधी आणि जमिनीला नंतर लागा. याचा सराव सोपा. चेंडूच्या मागे एक वीत अंतरावर पंचा घडी करून ठेवा आणि पंचाला न लागता चेंडू मारा. पंचा हलला तर तुम्ही उचलायला गेला होतात.

आणि मागे कमी, पुढे तेवढाच किंवा थोडा जास्त. क्लब मागे फार न्यायचा आणि मग घाबरून चेंडूजवळ येऊन जोर काढून घ्यायचा, ही खोड मला पाच वर्षं होती. त्या काळात मी इतर गोष्टीही तशाच करत होतो, म्हणजे कोल्हापूरला नोकरीचा अर्ज करायचा आणि मुलाखतीला जायचं नाही, असं. पण तो विषय वेगळा.

मी पहिल्यांदा खरी हिरवळ पाहिली ती २०१४ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. पुतण्या खारघरला राहतो. तिथे सिडकोचं गोल्फ कोर्स आहे, डोंगराच्या कुशीत. क्लबचं सभासदत्व लागत नाही, पैसे भरले की आपल्यासारख्यालाही खेळता येतं. ऑगस्ट महिना. लांबच्या फटक्यात माझी फजिती झाली, ते सांगत नाही. पण पहिल्याच हिरवळीच्या कडेला चेंडू आला आणि मला बरं वाटलं. म्हटलं, आता आपला प्रांत. हिशोब केला, सात नंबर काढला, खळ्यासारखा मारला. चेंडू गवतात पडला आणि चिकटून बसला. भोक अजून आठ पावलं लांब.

बरोबर एक कॅडी होता, विशीतला मुलगा. तो हसू दाबत म्हणाला, "काका, पावसात हिरवळ स्पंज असते. चेंडू पळणार नाही. वेज घ्या आणि जवळ पाडा." मग तो मला अर्धा तास गवत दाखवत होता. गवत कोणत्या बाजूला झुकलंय ते बघा. आपल्याकडे झुकलं असेल तर क्लब अडकतो, फटका थोडा भक्कम हवा. चेंडू गवतावर उभा आहे की आत बसलाय ते बघा. आत बसला असेल तर तो फिरकी घेत नाही, पडल्यावर जास्त पळतो. ओलं असेल तर चालणं निम्मं धरा. त्या मुलाने सांगितलेलं मी परतीच्या एसटीत वहीत लिहून काढलं. बारावी नापास होता, असं त्यानेच सांगितलं. त्याच्याइतकं नीट शिकवणारा इंजिनिअर मी प्रकल्पावर पाहिला नाही. तिथे मला समजलं की क्लब निवडायचा तो अंतरावरून नाही, आधी चेंडू कशावर बसलाय आणि पुढे कशावर पडणार आहे त्यावरून. अंतर तिसऱ्या नंबरला.

पुढे बसलेल्या मुलांसाठी एक गंमत. टीव्हीवर किंवा मोबाइलवर २००५ च्या मास्टर्स स्पर्धेतला टायगर वुड्सचा सोळाव्या भोकावरचा चिप बघा. भोक एका बाजूला आहे आणि तो मारतोय भलतीकडेच, चढाच्या वरच्या बाजूला. चेंडू तिथे पडतो, वळतो, उतारावरून हळूहळू खाली येतो, भोकाच्या ओठावर येऊन थांबतो, आणि मग आत पडतो. तो चेंडू भोकात मारलेलाच नव्हता. तो एका जागेवर पाडला होता, बाकीचं उताराने केलं. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, आपली अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांत पुण्याचा म्हणून ओळखला जाणारा उदयन माने होता. म्हणजे मराठी आडनाव ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये पोचलंय, हे घरी सांगायला हरकत नाही.

दोनशे मीटरचा फटका मारला तरी कार्डावर एक लिहितात, आणि दोन पावलांचा चिप मारला तरी एकच. माझ्यासारख्या, ज्याला दोनशे मीटर कधीच जमणार नाही अशा माणसाला हा हिशोब फार न्याय्य वाटतो.

आता सोसायटीपुरतं. २००८ च्या सर्वसाधारण सभेत "आवारात कोणताही चेंडूचा खेळ खेळू नये" असा ठराव झाला होता. तो मीच मांडला होता. सगळ्यांना आश्चर्य वाटलं होतं, कारण तेव्हा मी काच फोडल्याचं कोणाला माहीत नव्हतं. यंदा समितीने तो ठराव बदलला, आणि टाकीमागच्या मोकळ्या पट्ट्यात मुलांसाठी एक कोपरा ठेवला. तिथे मी काथ्याची चटई टाकली आहे. खळं नाही, पण चालेल. तोंड भिंतीकडे, कंपाउंडच्या दिशेने. ब विंग पाठीमागे. सँड वेज माझ्या कपाटात राहील, तो कोणालाही मिळणार नाही, माझ्या नातवालाही नाही. सात आणि नऊ नंबर आहेत, पिचिंग वेज आहे. सुरुवातीला टेनिसचा चेंडू, मग प्लास्टिकचा भोकं असलेला, खरा चेंडू नंतर. रविवारी सकाळी सात ते आठ. पंचा प्रत्येकाने आपापला आणायचा.

वहिनींनी काल संध्याकाळी अल्बम माझ्याकडे पाठवला. मित्राच्या मुलाने पुण्यात फोटो दुरुस्त करणारा कोणीतरी शोधलाय, चिकटलेली पानं सुटतात का ते बघायला. खर्च मी करणार म्हटलं तर मित्र रागावला. निम्मा-निम्मा ठरलाय.

आणि मुलांनो, चेंडू कंपाउंडच्या पलीकडे गेला तर तो गेला. सड्यावरच्या दगडांत हात घालायचा नाही. तिथे फुरसं असतं.